एमजीबी : घरच्या पान्यांना सरावलेली गाडी

१९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांहून अधिक एमजीबी बाहेर पडल्या. १७९८ सीसीचं साधं चार सिलिंडरचं इंजिन. म्हणून घरी दुरुस्ती करणाऱ्यांची ती आजही लाडकी.

डोकेदुखी : पहिला शत्रू गंज. दाराखालचा पत्रा वरून चकचकीत दिसतो, आतून सडलेला निघतो. गाडीचा भार तोच पेलत असल्याने लांबी भरून, रंग मारून भागत नाही. कापून नवा वेल्ड करावा लागतो. १९६७पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे. हे विसरून आजचा रेडिओ जोडला, तर तो जळण्याचीच भीती. सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत, त्याही सीटमागे दडवलेल्या! नट-बोल्टांची मापं इंचांत, त्यामुळे मिलिमीटरचे पाने कुचकामी.

सुख : दोन एसयू कार्ब्युरेटर. रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचं. दोन्हींचा फुत्कार सारखा ऐकू आला, की इंजिन सुरात.

पत्रा अगदीच गेला, तरी १९८८पासून मूळ साच्यांवर घडवलेली कोरी बॉडी विकत मिळते.