‘अवघा रंग’ आणि शेवटची नाममुद्रा

भैरवीचे पहिले स्वर कानी पडले, की मैफल आता आटोपणार, हे कोणी सांगावे लागत नाही. वास्तविक भैरवी ही प्रातःकाळची रागिणी. पूर्वी बैठकी रात्रभर चालत आणि उजाडता उजाडता भैरवीने संपत. पुढे बैठकी रात्री दहालाच उठू लागल्या, तरी भैरवीने सांगता करण्याचा प्रघात कायम राहिला. या प्रघाताचा एक दुष्परिणाम मात्र असा, की भैरवी लागताच सभागृहात चपला शोधण्याची घाई सुरू होते. शेवटचे गाणे म्हणजे केवळ निरोपाचे गाणे, अशी पुष्कळांची समजूत दिसते. ते गाणे शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकावे, एवढे सुचविण्यासाठी हा लेखप्रपंच. आणि त्यासाठी आम्ही निवडले आहे गानसरस्वती किशोरी आमोणकर यांनी भैरवीत गायिलेले, घरोघरी ध्वनिमुद्रिकेवर ऐकले गेलेले, ‘अवघा रंग एक झाला’.

आम्हां सीमाभागातील रसिकांना हे गाणे परके नाही. किशोरीताईंचे जयपूर-अत्रौली घराणे ज्यांनी नावारूपास आणले, ते उस्ताद अल्लादिया खाँ शाहू छत्रपतींच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिले. त्याच घराण्याची तालीम घेऊन पं. मल्लिकार्जुन मन्सूर यांनी धारवाडात घर केले आणि बसवण्णा व अक्कमहादेवी यांची कन्नड वचने गायिली. कोल्हापूर ते धारवाड हा रस्ता निपाणी आणि बेळगाववरूनच जातो. एकच गायकी उत्तरेस अभंग होऊन आणि दक्षिणेस वचन होऊन प्रकटली. आम्ही मधल्या गावांतले लोक दोन्ही ऐकत आलो.

हा अभंग संत सोयराबाईंचा. सोयराबाई म्हणजे चोखोबांची पत्नी, चौदाव्या शतकातील. ज्या पंढरीरायाला त्यांनी जन्मभर आळविले, त्याच्या देवळाची पायरी ओलांडण्याची या दांपत्याला मुभा नव्हती. इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर दरड कोसळून चोखोबांचा अंत झाला, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर आहे. म्हणजे मृत्यूनंतरही ते दाराबाहेरच राहिले. ते दार सर्वांसाठी उघडण्यास साने गुरुजींचे १९४७ च्या मे महिन्यातील उपोषण व्हावे लागले. मंगळवेढ्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो : बिज्जलाच्या पदरी असताना बसवेश्वरांचे वास्तव्यही याच गावी होते. अभंग आणि वचन यांचा शेजार असा जुना आहे.

दाराबाहेर उभ्या असलेल्या या स्त्रीच्या अभंगात गाऱ्हाणे मुळीच नाही. विठ्ठलाला पाहिले आणि ‘मी’ व ‘तू’ हा भेद उरला नाही, काम-क्रोध मावळले, देह असून देहाची जाणीव गेली, शेवटी पाहणारा आणि पाहणेदेखील वेगळे राहिले नाही, असा हा अनुभव. अद्वैताचे इतके निर्मळ निरूपण मोठमोठ्या ग्रंथांतही विरळाच.

यासाठी भैरवीच का, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. शास्त्राप्रमाणे भैरवीत रिषभ, गंधार, धैवत आणि निषाद कोमल. तथापि ठुमरी-भजनाच्या अंगाने गाताना कुशल गायक तीत शुद्ध स्वर आणि तीव्र मध्यमही गुंफतात. बाराही स्वरांना तेथे जागा मिळते. इतर रागांत वर्ज्य स्वर असतात. या भैरवीत कोणाला मज्जाव नाही. सोयराबाईंना देवळाने जे नाकारले, ते या रागाने सहज देऊ केले, असे म्हटल्यास वावगे होऊ नये.

आता त्या शेवटच्या अक्षरांकडे वळू. सर्व भेद मावळल्याचे सांगून झाल्यावर अभंगाच्या अखेरीस नाममुद्रा येते. तेथे सोयराबाई स्वतःचे नावदेखील सांगत नाहीत. चोख्याची पत्नी, आणि सोबत आपली जात, एवढीच ती ओळख. रंग अवघा एक झाला खरा, पण जगाने लावलेली ओळख पुसली गेली नव्हती. आणि ती त्यांनी लपविलीही नाही. हा शब्द जाणून घेतला, तर आधीच्या प्रत्येक चरणाचे मोल पालटते. समतेची ही वाणी सुखासीन माणसाची नव्हे, हे तेव्हा ध्यानी येते.

किशोरीताईंना हा शब्द उगाच उमगला नसावा. त्यांच्या मातोश्री मोगूबाई कुर्डीकर (१९०४-२००१) गोव्याच्या कलावंत समाजातल्या. थोर गायिका असूनही मोगूबाईंना मैफलींच्या निमित्ताने मिळालेली दुय्यम वागणूक मुलीने लहानपणी पाहिली आणि पुढे मुलाखतींतून ती बोलूनही दाखविली. ३ एप्रिल २०१७ रोजी किशोरीताई निवर्तल्या, त्यानंतर अनेकांनी त्यांचे हेच गाणे लावले.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत आषाढी-कार्तिकीला हा अभंग हमखास लागतो. मुले कन्नड वा इंग्रजी शाळेत जाणारी. त्यांच्या कानी सूर पडतो, शब्द निसटतो. आमची विनंती एवढीच, की मुलांना जवळ बसवून नाममुद्रेपर्यंत गाणे ऐकवावे आणि ती स्त्री कोण, कोठे उभी होती, हे त्यांना सांगावे. मुलांनी विचारले, “तिला आत का घेतले नाही?” तर उत्तर टाळू नये.