घोड्याची चंदी आणि मळीचें गोड खाद्य

घोडा पाळणाऱ्या गृहस्थाचें लक्ष बहुधा घोड्याच्या चालीकडे, बांध्याकडे व अंगावरील तजेल्याकडे असतें. त्याच्या तोबऱ्यांत काय पडतें इकडे तें त्या मानानें कमी असतें. लढाईचा घोडा गेला, टांग्याचाही बहुतेक गेला. तथापि आपल्या प्रांतांतून घोडा नाहींसा झालेला नाहीं. सारंगखेडें येथें दत्तजयंतीस आणि नांदेड जिल्ह्यांतील माळेगांव येथें खंडोबाच्या यात्रेंत अजून मोठे घोडेबाजार भरतात. माथेरानास खासगी मोटारींना मज्जाव असल्यामुळें पाहुणे व सामान यांसाठीं घोडीं लागतात. धनगरांच्या मेंढरांबरोबर बिऱ्हाडाचें ओझें वाहणारीं भीमथडी तट्टें आजही रानोमाळ दिसतात. हौसेनें दारांत एखादा घोडा बांधणारे बागाईतदारही थोडे नाहींत.

या सर्व घोड्यांच्या खाण्यांत एक मोठा पालट झाला आहे. पूर्वी चंदी म्हणजे घरचा हरभरा किंवा कुळीथ आणि वैरण म्हणजे कडबा व माळरानाचें गवत, असा सरळ हिशेब होता. आतां पुष्कळ ठिकाणीं तयार खाद्याची पिशवी आली आहे; आणि त्या खाद्यांत बहुधा उसाची मळी मिसळलेली असते. ही मळी घोड्यास कितपत मानवते आणि तिच्यावांचून चंदी कशी निवडावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

साखर कारखान्यांत दाणेदार साखर काढून घेतल्यावर जो दाट, काळा पाक शिल्लक राहतो ती मळी. तींत साखर सुमारें शेंकडा ४५ ते ५०, पाणी सुमारें शेंकडा २० ते २५ व बाकी क्षार वगैरे असतात. क्षारांत पोटॅशचें प्रमाण बरेंच असतें. १९५० सालीं लोणी येथें प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला व पुढें असे कारखाने वाढत गेले. त्यामुळें मळीचा पुरवठा आपल्या प्रांतांत विपुल आहे. तिचा मोठा भाग मद्यार्काकडे जातो व कांहीं जनावरांच्या खाद्याकडे येतो. खाद्य तयार करणारा ती घालतो याचीं कारणें उघड आहेत: ती खाद्याची धूळ धरून ठेवते, गोळ्या नीट बांधल्या जातात, आणि गोडीमुळें जनावर खाद्य चटकन् खातें. हीं कारणें खोटीं नाहींत. परंतु त्यांतील पहिलीं दोन कारखानदाराच्या सोयीचीं आहेत, आणि तिसरें कारण घोड्याच्या हिताचेंच असतें असें नाहीं.

येथें गाय व घोडा यांच्या पोटांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. गाईचें अन्न प्रथम रवंथाच्या मोठ्या कोठ्यांत पडतें. तेथील सूक्ष्म जंतु तें आंबवून देतात व मग तें पुढें जातें. घोड्याचें याच्या उलट आहे. त्याचें जठर एकच आणि लहान. मोठ्या घोड्याचें जठरही ८ ते १५ लिटरांहून अधिक मावेल असें नसतें. अन्न तेथें फार वेळ थांबत नाहीं. तें लहान आंतड्यांतून जाऊन शेवटीं मोठ्या आंतड्यांत पोंचतें व गवताचा तंतु तेथें आंबतो. अशा रचनेच्या प्राण्यास दिवसाचे चौदा-सोळा तास थोडें थोडें, तंतुमय व बेताच्या कसाचें गवत चरणें सोयीचें. त्याच्या पुढ्यांत एकदम पिठूळ किंवा गोड खाद्याची पाटी ठेवली कीं लहान आंतड्यास तें सारें पचत नाहीं. न पचलेलें पीठ व साखर मोठ्या आंतड्यांत उतरतात, तेथें आम्ल वाढतें, तंतु पचविणारे जंतु मरतात, आणि पोटशूळ किंवा खुरांचा विकार उद्भवतो.

खुराचा हा विकार साधा नव्हे. खुराच्या कवचास आंतील हाडाशीं जोडणारे नाजूक पापुद्रे सुजतात. पशुवैद्य त्यास लॅमिनायटिस म्हणतात. घोडा पुढचे पाय पुढें टाकून, भार मागें घेऊन उभा राहतो, वळतांना कण्हतो आणि दुखणें वाढल्यास आंतील हाड खालीं सरकून तो कायमचा निकामी होतो. याचें दुसरें एक कारण अलीकडे स्पष्ट झालें आहे. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँड येथील संशोधकांनीं २००७ सालीं असें दाखविलें कीं, निरोगी तट्टांच्या रक्तांत इन्शुलीन नांवाचा रस दीर्घकाळ चढा ठेवला तर केवळ तेवढ्यानेंही हा विकार होतो. इन्शुलीन चढतें तें मुख्यतः साखर व पीठ यांमुळें. थोडक्या चाऱ्यावर निभावणाऱ्या काटक जातींचीं तट्टें सुखांत बसून खाऊं लागलीं कीं त्यांस हा धोका विशेष असतो. मान जाड होते, मानेच्या वरच्या कडेस चरबीची कडक वरंबी उठते, आणि मालक समजतो कीं घोडा भरला!

आतां हिशेब निःपक्षपातानें पाहूं. २ किलो खाद्यांत मळी शेंकडा १० असली तर ती २०० ग्रॅम झाली, व तींतील साखर सुमारें १०० ग्रॅम. परंतु २ किलो मका घातला तर त्यांत पीठ सुमारें १३०० ग्रॅम असतें. म्हणजे ज्या पिशवीवर ‘मळीविरहित’ किंवा ‘नैसर्गिक’ असें छापलेलें आहे, पण आंत मुख्यतः मकाच आहे, ती थोडी मळी असलेल्या तंतुमय खाद्याहून घोड्यास अधिक घातक ठरूं शकते. मका नैसर्गिकच आहे; परंतु नैसर्गिक तें सर्व मानवतें असें नाहीं. तेव्हां केवळ नांवावर भुलूं नये.

मग मळीवर विशेष आक्षेप कोणता? तो हा कीं, गोडव्यानें परीक्षा नाहींशी होते. सडका, किडका किंवा कुबट वासाचा दाणा घोडा पुष्कळदां हुंगून टाकून देतो. त्याच दाण्यावर मळीचें पुट चढलें कीं घोड्याचें नाक फसतें व मालकाचा डोळाही फसतो, कारण काळ्या चिकट पुटाखालीं दाणा कोणता व टरफल किती हें दिसत नाहीं. यास सोपा उपाय आहे. खाद्याच्या दोन मुठी चाळणींत घेऊन पाण्यानें धुवाव्या. पाणी तपकिरी होऊन गोड वास आला तर मळी आहे असें समजावें. आणि चाळणींत जें उरेल तें उन्हांत पसरून पाहावें. भरलेले दाणे किती, पोंचट किती, भुसा व तूस किती, हें तेव्हां कळतें. गोळीचें खाद्य विरघळून जातें. त्याच्या बाबतींत पिशवीवरील घटकांची यादी वाचणें व विक्रेत्यास स्पष्ट विचारणें एवढेंच हातीं राहतें. मळीस तेथें ‘मोलॅसेस’ असेंही म्हटलेलें असतें.

पावसाळ्यांत आणखी एक भय आहे. मळी हवेंतील ओलावा ओढून घेते. कोंकणांत व घाटमाथ्यावर उघडी पिशवी थोड्याच दिवसांत दमट होते व बुरशी धरते. बुरशी लागलेल्या मक्यांतील फ्युमोनिसिन नांवाचें विष घोड्याचा मेंदू नासवितें. त्यावर औषध नाहीं. शेंगदाण्याच्या जुन्या पेंडींतही अफ्लाटॉक्सिनचा दोष पुष्कळदां असतो. याकरितां पावसाळ्यांत पंधरा दिवस पुरेल एवढेंच खाद्य आणावें, तें जमिनीपासून उंच फळीवर ठेवावें, व एकदां वास बदलला कीं किंमत न पाहतां फेंकून द्यावें.

याहूनही एक गोष्ट निक्षून सांगावयाची, ती ही कीं, गाईम्हशींचें किंवा कोंबड्यांचें तयार खाद्य घोड्यास कधींही घालूं नये. गोठा एकच असला म्हणजे ‘एक पाटी त्यालाही’ असें सहज होतें. अशा कांहीं खाद्यांत मोनेन्सिन नांवाचें द्रव्य घातलेलें असतें. गाईस तें मानवतें. घोडा मात्र त्याच्या फारच थोड्या मात्रेनें, हृदयाचे स्नायु नासून, दगावतो, आणि त्यावर उतारा नाहीं. युरिया व मळी घालून केलेल्या चाटणाच्या विटाही रवंथ करणाऱ्या जनावरांसाठीं आहेत. त्या घोड्याच्या तोंडाशीं येऊं देऊं नयेत.

तर मग घालावें काय? प्रथम वैरण, मग चंदी, हा क्रम कधीं मोडूं नये. लहान बांध्याच्या दख्खनी घोड्याचें वजन ३०० किलो धरलें तर त्यास रोज ५ ते ७ किलो वाळलेली, स्वच्छ वैरण लागते. ती दोन वेळां न टाकतां चार वेळां विभागून टाकावी. मारवेल, पवन्या यांसारखें फुलोऱ्याच्या सुमारास कापून वाळविलेलें गवत उत्तम. कडबा बारीक करून त्यांत मिसळतां येतो. थोडा लसूणघास दिल्यास प्रथिनें व चुना मिळतो. हिरवी ज्वारी मात्र घोड्यास चारूं नये. तिनें मूत्राशय व पाठीचा कणा यांचे विकार होतात. उसाचें वाढें व नेपिअर जातीचें गवत यांत ऑक्झॅलेट असल्यानें चुना शरीरास लागत नाहीं. तीं रोजची मुख्य वैरण करूं नयेत.

उत्तम वैरणीवर हलक्या कामाच्या घोड्यास चंदीची फारशी गरजच पडत नाहीं. ज्यास काम आहे, जी घोडी व्यालेली आहे किंवा जें शिंगरूं वाढीस लागलें आहे, त्यास चंदी द्यावी. तिचें माप असें: वजनाच्या दर किलोस एका वेळीं १ ग्रॅमहून अधिक पीठ पोटांत जाऊं नये. म्हणजे ३०० किलोच्या घोड्यास एका वेळीं ३०० ग्रॅम पीठ. तें सुमारें ४५० ग्रॅम मक्यांत, किंवा सुमारें ७०० ग्रॅम ओट अथवा हरभऱ्यांत असतें. यावरून मका किती हात आंखडून घालावा हें कळून येईल. हरभरा भरडून भिजवावा. कुळीथ शिजवून थंड करून द्यावा. गव्हाचा कोंडा घोड्यांस आवडतो, परंतु त्यांत स्फुरद फार व चुना अत्यल्प असतो. रोज पाट्या भरून कोंडा घातलेल्या घोड्याचीं हाडें ठिसूळ होतात व तोंड सुजल्यासारखें दिसूं लागतें. म्हणून कोंडा मूठ-दोन मूठच, आणि तोही लसूणघासाबरोबर. अधिक ताकद हवी असल्यास चंदीवर करडईचें थोडें तेल घालावें. आरंभ एका चमच्यानें करून मात्रा हळूहळू वाढवावी. रोज दोन-तीन चमचे मीठ व सदैव स्वच्छ पाणी, हें तर आहेच.

येथें कोणी म्हणेल कीं घोड्यास गूळ देण्याची चाल तर जुनीच आहे. आहे खरी. कौटिलीय अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाच्या प्रकरणीं घोड्याच्या आहारांत उसाच्या गोड पदार्थाचाही अंतर्भाव केलेला आहे. परंतु तो घोडा युद्धाचा होता, आणि गोड पदार्थाचें प्रमाण धान्याच्या मानानें अल्प होतें. आजचा हौशी घोडा दिवसभर खुंट्यास असतो व गोडी त्याच्या प्रत्येक घांसांत असते. औषध कडू लागतें म्हणून गुळाचा खडा दिला, किंवा खूप दौड करून आलेल्या घोड्यास थोडा गूळ चारला, तर निरोगी घोड्याचें त्यानें बिघडत नाहीं. ज्याची मान जाड झाली आहे किंवा ज्याचे खूर एकदां दुखले आहेत, त्यास मात्र तेवढाही देऊं नये.

गोड खाद्याची सवय झालेला घोडा साधी चंदी पाहून तोंड फिरवितो, आणि मालक घाबरून पुनः पिशवी सोडतो. असें करूं नये. जुन्या खाद्याचा चौथा हिस्सा काढून तितकी नवी चंदी घालावी. चार-पांच दिवसांनीं आणखी एक हिस्सा. याप्रमाणें दोन-तीन आठवड्यांत पालट पुरा करावा. धूळ बसविण्यास मळीची गरज नाहीं. पाण्याचा शिंपडा पुरतो. मात्र जनावर वैरणही सोडून देईल तर तो हट्ट नव्हे, आजार होय. अशा वेळीं पशुवैद्यास विलंब न करतां बोलवावें.

घोडेबाजारांत दूध, तूप व गूळ चारून गुबगुबीत केलेल्या घोड्यांस चांगली किंमत येते, ही आपल्याकडील मोठी अडचण आहे. घेणाऱ्यानेंच आपली दृष्टि बदलली पाहिजे. घोडा घेतांना पाठीवर थाप मारून खूष होऊं नये. बरगड्या दिसत नसाव्या, पण हातास लागाव्या; मानेची वरची कड मऊ असावी; खुरावर वेड्यावांकड्या, टाचेकडे रुंदावणाऱ्या वळ्या असल्यास पूर्वीं खुराचा विकार झाला असावा असा संशय धरावा; आणि घोडा कठीण जमिनीवर लहान वर्तुळांत फिरवून पाहावा. त्याबरोबर त्यास आजवर काय चारलें हेंही विचारावें, कारण किंमत आपण देणार व खूर बिघडल्यास सेवाही आपणच करणार.

इ. स. १६७३ च्या सुमारास शिवाजीमहाराजांनीं चिपळूणजवळच्या छावणींतील अधिकाऱ्यांस जें प्रसिद्ध पत्र पाठविलें, त्यांत दाणा व वैरण पावसाळाभर पुरेल अशा बेतानें वापरावी, नाहीं तर घोडीं मरतील व त्याचा जाच शेवटीं कुणब्यास होईल, अशी ताकीद आहे. तयार पिशव्या आल्या तरी त्या ताकिदींतील व्यवहार जुना झालेला नाहीं. ज्यास घोडा ठेवावयाचा आहे त्यानें येत्या गवताच्या हंगामांत प्रथम वैरणीची गंजी रचावी, घरच्या हरभऱ्याचीं चार पोतीं बाजूस ठेवावीं, आणि मगच कांहीं कमी पडत असल्यास बाजारांत जावें. तेंही चाळणी बरोबर घेऊन.