कोंबडीची वहिवाट, माणसाची जबाबदारी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यांत परड्यातल्या डालग्याखाली खुडूक कोंबडी रवणाला बसवण्याची चाल फार जुनी आहे. आणि ज्याने २१ दिवसांच्या त्या तपश्चर्येनंतर पिलांना घेऊन बाहेर पडलेली कोंबडी एकदा तरी लक्षपूर्वक पाहिली असेल, त्याला हे ठाऊक असते की गार वाटले की पिलू पंखाखाली शिरते, उबारा झाला की बाहेर येते, आणि या साऱ्या व्यवहारात ना तापमापक लागतो, ना दिवा. परंतु यंत्रात उबवलेले पिलू जेव्हा पुठ्ठ्याच्या खोक्यातून आपल्या दारी येते, तेव्हा त्याच्याबरोबर आई येत नाही. तिची ती पिढीजात वहिवाट आपण आपल्या हाती घेतलेली असते, आणि जो वहिवाट घेतो त्याने तिच्यासोबतचे कर्तव्यही पत्करलेच पाहिजे.

पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर यांच्याप्रमाणे कोल्हापुरातही पशुसंवर्धन खात्याचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. अशा केंद्रांतील एकदिवसीय पिलांना दूरचा प्रवास सोसतो, याचे कारण असे की, अंड्यातून निघण्यापूर्वी पिलू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेते आणि त्या शिदोरीवर दोन-तीन दिवस निभावून नेते. निसर्गाची ही तरतूद उपकारक आहे, तशीच ती फसवीही आहे. कारण पहिल्या दिवशी झालेली हयगय त्या दिवशी दिसत नाही, शिदोरी संपल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती मरतुकीच्या रूपाने समोर येते, आणि पालक मात्र त्या दिवशीच्या खाद्यात दोष शोधत बसतो.

पहिली बाब उबेची. नवजात पिलाला स्वतःच्या देहाची उष्णता राखता येत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या दिव्याच्या छत्राखाली, सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान ठेवावे आणि पुढे दर आठवड्याला ते सुमारे ३ अंशांनी उतरवत न्यावे. पिलामागे १ ते २ वॅट असा बल्बचा हिशेब साधारणपणे धरला जातो. तथापि खरा तापमापक पिलांची मांडणीच होय: ती दिव्याखाली एकमेकांवर चढून कर्कश चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे, चोच उघडी टाकून कडेला पळाली असतील तर उष्णता अधिक झाली आहे, एकाच बाजूला गोळा झाली असतील तर कोठून तरी वारा शिरतो आहे, आणि सर्वत्र सारखी पसरून स्वस्थ बसली असतील तर बंदोबस्त ठीक आहे. ही पाहणी रात्रीही करावी. वीज गेल्यावर दुसऱ्या उबेची तजवीज आधीच असावी, मात्र बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून पिलांना धुरात कोंडू नये.

जे पिलू कळपापासून वेगळे, पंख गाळून, डोळे मिटून उभे राहते, ते आजारी समजावे. त्याचे पाय आपल्या मानेला लावून पाहावेत. पाय गार लागले तर पहिला इलाज औषध नव्हे, ऊब. त्याला स्वतंत्र खोक्यात, कोरड्या फडक्यावर, तितक्याच उबेत ठेवावे आणि कोमट पाणी द्यावे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीमुळे ज्या शहराची गुळाची पेठ नावारूपाला आली, तेथील पालकांना गूळपाण्याचे महत्त्व निराळे सांगायला नको. प्रवासाने थकलेल्या पिलाला ते प्रारंभी तरतरी आणते, पण ते पहिल्या दिवसापुरतेच, कारण गूळपाणी लवकर आंबते आणि हगवणीला निमित्त होते. पाणी पाजताना ते घशात ओतू नये, अन्यथा श्वासनलिकेत जाते. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावला की पिलू आपण होऊन गिळते. शौचाची जागा वाळलेल्या विष्ठेने बंद झाली असेल तर ती ओढून काढू नये. कोमट पाण्याने भिजवून, हलकेच पुसून, कोरडे करून तेलाचे बोट लावावे. गुळगुळीत कागदावर घसरून पाय फाकलेल्या पिलाचे पाय पहिल्या दिवसांतच मऊ पट्टीने योग्य अंतरावर बांधले, तर ते बहुधा सुधारते.

काही व्याधी मात्र शुश्रूषेच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. बेंबी न भरता सुजलेली, ओली आणि दुर्गंधीयुक्त असेल तर तो अस्वच्छ उबवणीचा संसर्ग असतो. साल्मोनेला पुलोरम या जंतूची पांढरी हगवण आईकडून अंड्यावाटेच पिलात येते, आणि तिच्यातून बचावलेले पिलू मोठेपणी रोगाचे वाहक होऊ शकते. आवाज न करता चोच वासून धापा टाकणाऱ्या पिलांच्या बाबतीत बुरशीजन्य न्यूमोनियाचा संशय घ्यावा. गगनबावडा-राधानगरीकडच्या पावसात दमट झालेले भाताचे तूस हे त्याचे माहेरघर, आणि तूस बदलणे व हवा खेळती ठेवणे याहून मोठा उपाय त्यावर नाही. तुसाच्या ओल्या गादीवरच पुढे, बहुधा दोन-तीन आठवड्यांनंतर, रक्ती हगवण बळावते. राणीखेत रोगाला, ज्याचे नाव कुमाऊंतील राणीखेत या गावावरून पडले, इलाज नाही, लस मात्र आहे. ती साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून दिली जाते, तेव्हा तो दिवस टाळू नये.

मरतूक दिसताच दुकानातून मिळेल ते प्रतिजैविक पाण्यात मिसळण्याची सवय मात्र सोडली पाहिजे. कोलिस्टिनचा खाद्यप्राण्यांसाठी वापर करण्यास केंद्र शासनाने २०१९ मध्ये मनाई केली ती एवढ्यासाठीच, की माणसावरच्या अखेरच्या उपचारांपैकी एक असलेले हे औषध कोंबड्यांच्या खुराड्यात निष्प्रभ होऊ नये. मेलेले ताजे पिलू फेकून न देता पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन शवविच्छेदन करवून घेतले, तर उरलेल्यांसाठी योग्य औषध ठरते. आणि तपासणीनंतर ते चुना टाकून खोल पुरले, तर रोग शेजारच्या परड्यात जात नाही.

सर्व पिले जगत नाहीत. कोंबडीच्या पंखाखालचीही जगत नाहीत. परंतु थंडीने, ओलीने, तहानेने आणि उशिराने मेलेले पिलू रोगाने मेले असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. म्हणून ज्या घरी पुढच्या वेळी पिलांचा खोका यायचा असेल, त्या घराने ब्रूडर आदल्या दिवशीच पेटवून ठेवावा, तूस कोरडे आहे की नाही ते मुठीत दाबून पाहावे, आणि पहिल्या आठ रात्री निदान एकदा तरी उठून त्या पिलांकडे पाहावे.