फर्नेस थांबली, एसी थांबला : आधी काय पाहाल?

न्यू जर्सीत बाहेर बर्फ आणि फर्नेस बंद, किंवा डॅलसमध्ये पारा शंभरच्या वर आणि एसी नुसताच वारा फेकतोय. अशा वेळी आपला हात आधी फोनकडे जातो. पण बरेचदा यंत्र धोका ओळखून स्वतःहून थांबलेलं असतं. ते का थांबलं हे कळलं, की काय आपण करायचं आणि काय टेक्निशियनवर सोपवायचं, तेही कळतं.

पहिलं कारण हवा. फिल्टर धुळीने भरला की फर्नेस आतून जास्त तापते आणि लिमिट स्विच ज्योत विझवतो. उन्हाळ्यात त्याच फिल्टरमुळे एसीच्या कॉइलवर बर्फ धरतो. तेव्हा कूलिंग बंद करा, फक्त पंखा चालू ठेवा आणि बर्फ वितळू द्या. आपल्या घरात रोजची फोडणी, उदबत्ती, धूप असतं. म्हणून एक इंची फिल्टर दर महिन्याला बघा आणि तीन महिन्यांच्या आत बदला. त्यावरचा बाण यंत्राच्या दिशेने हवा.

दुसरं कारण पाणी. एसी हवेतला ओलावा काढतो आणि ते पाणी बारीक नळीतून बाहेर जातं. नळीत शेवाळ साचलं की पाणी तुंबतं. फ्लोट स्विच असेल तर एसी बंद पडतो, नसेल तर छतावर डाग उमटतात. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा त्या नळीत कपभर पांढरं व्हिनेगर ओता.

हिवाळ्यात फर्नेसचे प्लॅस्टिकचे पाइप भिंतीतून बाहेर आले असतील, तर त्यांच्या तोंडावरचा बर्फ हलक्या हाताने काढा. फर्नेसच्या दारावरच्या छोट्या काचेतून दिवा लुकलुकताना दिसतो. आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत तो एरर कोड! लुकलुक मोजा आणि फोनवर सांगा. त्याचा तक्ता बहुधा दाराच्या आतल्या बाजूला असतो.

टेक्निशियन म्हणाला, 'एसीतला गॅस कमी झालाय, भरून टाकू', तर गळती कुठे आहे ते आधी विचारा. हा गॅस वापरून संपत नाही. त्यात जुन्या यंत्रांतल्या आर-२२ चं उत्पादन आणि आयात अमेरिकेत २०२० पासून बंद आहे, त्यामुळे तो महाग पडतो.

आता जिवाशी खेळ नको अशी गोष्ट. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात वीज गेली, तेव्हा ऊब मिळवायला काहींनी गॅरेजमध्ये गाडी किंवा जनरेटर चालवला, काहींनी घरात कोळसा पेटवला. त्यात अनेकांचा जीव गेला. प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर अलार्म लावा. तो वाजला की सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि ९११ ला फोन करा. गॅसचा वास आला, तर दिव्याचं बटणही न दाबता बाहेर पडा आणि बाहेरूनच फोन करा.

शेवटी, डिसेंबरमध्ये भारतात निघालेल्यांसाठी. बिल वाचवायला फर्नेस पूर्ण बंद करू नका, पाइप गोठून फुटतात. थर्मोस्टॅट ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली नेऊ नका, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा आणि किल्ली शेजाऱ्यांकडे द्या. पुण्याच्या घरी चहा पिताना इथल्या तळघराची काळजी नको!