पूल कूल नको, कोमट हवा!

फ्लॅट बुक करताना ब्रोशरमध्ये सगळ्यात मोठा फोटो कशाचा होता, आठवतंय? निळाशार स्विमिंग पूलचा! बाणेरच्या आमच्या सोसायटीत तो पूल अगदी फोटोसारखाच आहे, खोटं कशाला बोलू? फक्त नोव्हेंबर सरत आला की त्यात माणूस दिसत नाही. पुण्यात पहाटेचा पारा १०-१२ पर्यंत उतरतो आणि पूलचं पाणी २१ अंशांच्या आसपास येतं. २१ हा आकडा ऐकायला काहीच वाटत नाही. एकदा उडी मारून बघा, मग कळेल. स्पर्धेतल्या पोहण्यासाठीसुद्धा पाणी २५ ते २८ अंश लागतं, बॉस!

मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. पोहण्याशी माझा संबंध रविवारपुरता, पण आईचं तसं नव्हतं. तिच्या गुडघ्यांसाठी फिजिओथेरपिस्टनं पाण्यात चालायला सांगितलं होतं आणि २०२४चा सगळा ऑक्टोबर ती नेमानं गेली. जिना चढताना कठडा धरलेला हात हळूहळू सुटला. नोव्हेंबर संपता संपता म्हणाली, ‘‘नको रे, त्या गार पाण्यात गुडघे जास्तच धरतात.’’ पंधरा दिवसांत हात पुन्हा कठड्यावर.

म्हणून मी सोसायटीच्या मीटिंगला गेलो. आयुष्यात पहिल्यांदा!

पहिली सूचना अर्थातच हीटरची आली. मी मोबाइलवर गणित केलं. पूल १५ मीटर बाय ६ मीटर, सरासरी खोली १.२ मीटर. म्हणजे एक लाख आठ हजार लिटर पाणी. ते फक्त एक अंशानं तापवायला सव्वाशे युनिट वीज लागते. तुमच्या बाथरूममधला दोन किलोवॉटचा गीझर सलग बासष्ट तास चालू ठेवा, तेवढी. तीही एका अंशासाठी, आणि रात्रीतून निवणार ते वेगळंच. चेअरमनकाकांच्या तोंडचं पाणी पळालं आणि गाडी सोलरवर आली.

आता सोलर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गच्चीवरचा आंघोळीच्या पाण्याचा बंब येतो. काच लावलेला, चटका बसेल असं पाणी देणारा. पूलचं सोलर वेगळं. काच नाही, टाकी नाही. पॉलिप्रॉपिलीनच्या बारीक नळ्यांच्या काळ्या चटया असतात नुसत्या. फिल्टरमधून निघालेलं पूलचंच पाणी त्यांच्यातून फिरून परत येतं. चटया लागतात मात्र भरपूर, पूलच्या पृष्ठभागाच्या निम्म्यापासून जवळजवळ तेवढ्याच. आमच्या नव्वद चौरस मीटरच्या पूलला साठ चौरस मीटर बसल्या. चेअरमनकाकांना त्या बी विंगच्या अकराव्या मजल्यावर हव्या होत्या, कारण तिथे ऊन चांगलं. पण तिथवर पाणी चढवायचं तर वेगळा पंप आणि वेगळं बिल! शेवटी क्लबहाऊसचं छप्पर ठरलं. एकच मजला, दक्षिण मोकळी.

आणि मग आला कंट्रोलर. भिंतीवर लावायचा टिफिनएवढा डबा, पुढे छोटा डिस्प्ले, चार बटणं. सोलरवाल्याच्या माणसानं त्याचं असं काही कौतुक केलं की मला वाटलं, आत रॉकेट सायन्स असणार. प्रत्यक्षात तो एकच गोष्ट करतो... वजाबाकी! एक सेन्सर छपरावर, चटयांच्या शेजारी. दुसरा पूलच्या पाण्याच्या पाइपात. पहिल्यातून दुसरा वजा. उत्तर पाचच्या वर गेलं की मोटर लावलेला थ्री-वे व्हॉल्व्ह फिरतो आणि पाणी छपराकडे जातं. उत्तर दोनच्या खाली आलं की व्हॉल्व्ह उलटा फिरतो आणि पाणी थेट पूलमध्ये. मधला तीन अंशांचा फरक मुद्दाम ठेवलेला, नाहीतर ढगाच्या प्रत्येक तुकड्याला व्हॉल्व्ह मागेपुढे करत बसेल. पूल ठरावीक तापमानाला पोचला की ऊन कितीही असो, छपराची वाट बंद. आम्ही ते ठेवलं २८.

एवढं साधं यंत्र आहे ना? तरी आम्ही तीन आठवडे त्याच्याशी झुंजलो.

पहिले चार दिवस पाणी जैसे थे. दुपारी घरून काम होतं म्हणून पंप रूममध्ये डोकावलो. छपराचा आकडा ४३, पाण्याचा २१. वजाबाकी खणखणीत बावीस, व्हॉल्व्हही छपराकडे वळलेला आणि पंप... बंद! फिल्टरचा पंप टायमरवर होता, पहाटे पाच ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते दहा. गेली सहा वर्षं तसाच, कुणी ठरवलं ते कुणालाच माहीत नाही. म्हणजे ऊन होतं तेव्हा पाणी झोपलेलं आणि पाणी धावायचं तेव्हा ऊन नाही. ही चूक सोलरवाल्याची नव्हे, आमचीच. टायमर सकाळी नऊ ते पाच केला. पंपाचे तास तेवढेच, वीज तेवढीच.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी मॅडमनी परत येणाऱ्या पाण्याखाली हात धरला आणि म्हणाल्या, ‘‘हे काय, जेमतेम कोमट आहे! फसवलं आपल्याला.’’ खरं सांगतो, मलाही कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं होतं. पण इथला हिशेब उलटा आहे. भरपूर पाणी, प्रत्येक फेरीला फक्त दोनेक अंश वाढ, हेच बरोबर. चटयांमधून पाणी चटका देत परत आलं तर समजा ते फार हळू फिरतंय. मग चटया तापून ती ऊब हवेलाच वाटत बसतात. हे मॅडमना पटायला दोन चहा लागले.

पाणी चढायला लागलं. २२, २३, २४. पण संध्याकाळी कमावलेलं सकाळपर्यंत बरंचसं गायब. ही गळती पाइपात नव्हती, वर होती. उघड्या पूलची ऊब सगळ्यात जास्त जाते ती बाष्पीभवनातून. एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं की जाताना साधारण ५८० लिटर पाण्याची एक अंश ऊब घेऊन जातं! उपाय काय, तर रात्री पूलवर पांघरूण. बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकचं, निळं, पूलभर. ते घेण्यावर भांडण झालं नाही, ते रोज घालायचं आणि काढायचं कुणी, यावर झालं. ग्रुपवर दोनशे मेसेज! अखेर पूल सांभाळणारे मामा म्हणाले, ‘‘रूळ लावून द्या, मी गुंडाळतो.’’ पाच मिनिटांचं काम, पण दोनशे मेसेजमध्ये मामांना कुणीच विचारलं नव्हतं.

पांघरुणानं पाणी २६ वर आलं आणि अडलं. ऊन कडक, पंप चालू, तरी अडलंच. वर पंप रूममधून दर काही मिनिटांनी व्हॉल्व्हचं घर्र... घर्र... माझ्यातला टेस्टर जागा झाला. डिस्प्लेवर पाण्याचा आकडा २८. मामांचा दोरीला बांधलेला थर्मामीटर पूलमध्ये सोडला, तो म्हणतो २६. थोड्या वेळानं डिस्प्लेही २६. पुन्हा घर्र, पुन्हा २८. बग सापडला! पाण्याचा सेन्सर बसवला होता छपरावरून पाणी परत येतं त्या पाइपात, मिळणीच्या पुढे. म्हणजे कंट्रोलर पूलचं नव्हे, आत्ताच तापून आलेलं पाणी मोजत होता. ‘२८ झाले, बंद करा’ म्हणायचा आणि छपराची वाट बंद झाली की खऱ्या २६ वर येऊन पुन्हा उघडायचा. बिचाऱ्याची वजाबाकी बरोबर, त्याला दिलेला आकडाच चुकीचा!

सोलरवाला फोनवर ‘सर, कंपनी सेटिंग आहे’ एवढंच म्हणत राहिला. शेवटी इलेक्ट्रिशियन दादांनी आणि मी मिळून एका शनिवारी सेन्सर पंप आणि फिल्टरच्या मध्ये हलवला, जिथे पाणी अजून छपरावर गेलेलंच नसतं. आधी पंपाचा मेन स्विच बंद केला, हे सांगायला नको. जुन्या भोकाला प्लग लावला. दादांनी आणखी एक दाखवलं. सेन्सरची बारीक वायर पंपाच्या वीजवायरबरोबर एकाच पाइपातून ओढली होती. त्यानं आकडे थरथरू शकतात. तीही वेगळी केली. तुमच्या सोसायटीत असं काही बसणार असेल तर पैसे चुकते करण्याआधी या दोन गोष्टी स्वतः उभं राहून बघा. ब्रोशर नंतर वाचा.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मामांच्या थर्मामीटरनं २८ दाखवले. आई साडेआठला गेली, ऊन पूलवर आल्यावर. पहिल्या पायरीवर जरा थांबली, पायानं पाणी चाचपलं आणि मग सरळ कमरेपर्यंत उतरली. मी ऑफिसचा कॉल म्यूटवर टाकून काठावर उभा होतो. तिनं एक लांबी चालून काढली, दुसरी काढली. पलीकडून सी विंगच्या दोन आज्या उतरल्या आणि तिघींचं पाण्यात उभ्यानंच सुरू झालं, मग माझ्याकडे कोण बघतंय!

एप्रिलमध्ये आम्ही कंट्रोलरचं दुसरं बटण वापरलं, कूलिंगचं. पाणी ३१च्या वर जायला लागलं होतं. मग त्याच चटया, तोच व्हॉल्व्ह, फक्त वजाबाकी उलटी. छप्पर पाण्यापेक्षा गार झालं की पाणी वर पाठवायचं. त्यासाठी टायमर पुन्हा रात्रीवर घेतला, मामांनी पांघरूण गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं.

यंदा दिवाळीनंतर सगळं पुन्हा थंडीवर फिरवलं. परवा आई जिन्यातून वर आली, एका हातात भाजीची पिशवी, दुसरा मोकळा. म्हणाली, ‘‘तुझ्या त्या डब्यावर २९ कर ना.’’

‘‘आई, सव्वाशे युनिट असतात एका डिग्रीला!’’

‘‘असू देत. उन्हाचं बिल येतं का?’’