भंडारदऱ्याचा जलाशय : मासेमारी, नौकाविहार आणि मुक्काम

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर रतनगडाच्या कुशीत प्रवरा नदी उगम पावते आणि थोडे अंतर वाहून जाताच भंडारदऱ्याच्या विस्तीर्ण जलाशयात विसावते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील हे स्थळ कळसूबाईच्या शिखरापासून फार दूर नाही. १६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर, अलीकडे शेंडी गाव, पलीकडे रतनवाडीचे प्राचीन अमृतेश्वर मंदिर आणि मध्ये निळेशार पाणी, असा हा देखावा आहे. सुट्टीच्या दिवशी मुंबई, पुणे आणि नाशिककडील मंडळी येथे लोटतात यात नवल नाही. परंतु हा जलाशय सहलीसाठी बांधलेला नाही, ही गोष्ट तेथे जाणाऱ्याने आणि तेथे पाहुण्यांची सोय करणाऱ्यानेही प्रथम ध्यानात घ्यावयास पाहिजे.

घाटघर-रतनवाडीच्या बाजूस पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि त्याच नदीच्या खालच्या खोऱ्यात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येऊन ठेपतो. या विषमतेवरील उपाय म्हणून १९१० साली धरणाचे काम हाती घेण्यात आले व १९२६ साली ते पूर्ण झाले. सुमारे ८२ मीटर उंचीची ही दगडी भिंत तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यामागे सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी साठते. त्या पाण्यावर प्रवरेचे दोन्ही कालवे चालले आणि कालव्यांखाली ऊस उभा राहिला. लोणीचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला, तो याच पाण्याच्या जोरावर. अकोल्याच्या डोंगरात पाहुणा ज्या पाण्यात पाय सोडून बसतो, तेच पाणी पुढे कोणाच्या तरी उसाच्या सरीत आणि कोणाच्या तरी हंड्यात जाते.

जलाशयाची पातळी वर्षभर एकसारखी राहत नाही, याचेही कारण हेच. ऑगस्टच्या सुमारास धरण बहुधा भरते. पुढे आवर्तने सुटू लागली की पाणी उतरत जाते, आणि मे महिन्यात काठापासून बरेच आत गाळाची व दगडगोट्यांची उघडी जमीन दिसू लागते. धरणाच्या मोरीतून पाणी सोडले म्हणजे छत्रीच्या आकाराचा सुप्रसिद्ध धबधबा दिसतो, नाही तर दिसत नाही. खालच्या अंगास असलेल्या रंधा धबधब्याची शोभाही पावसावर आणि सोडलेल्या पाण्यावर अवलंबून असते. तेव्हा केवळ छायाचित्र पाहून निघालेल्या पाहुण्याची निराशा होणे शक्य आहे. ऋतू कोणता व पाणी किती, हे त्याला आधी सांगणे यजमानाच्याच हिताचे ठरते.

मासेमारीचा विचार करताना एक गैरसमज दूर करावयास हवा. कटला, रोहू आणि मृगळ हे मासे धरणात आपोआप वाढतच राहतात, असे पुष्कळांना वाटते. हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून जलाशयांत बोटुकली सोडावी लागते. हे बीज पूर्वी नद्यांतून गोळा करून आणावे लागे. १९५७ साली ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांना पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालविण्याचा प्रयोग यशस्वी केला आणि तेव्हापासून मत्स्यबीज मुबलक मिळू लागले. हे तीन मासे एकत्र सोडण्यातही हिशेब आहे : कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. त्यामुळे एकाचे अन्न दुसरा खात नाही. गळ टाकणाऱ्यासही हे ज्ञान उपयोगी पडते. रोहूसाठी कणकेचा गोळा मध्यावर तरंगत ठेवावा, मृगळासाठी तो तळास टेकू द्यावा.

सकाळी ऊन चढण्यापूर्वी आणि संध्याकाळी सावल्या लांबल्यावर मासा काठाकडे येतो. भर दुपारी गळ धरून बसणे म्हणजे उन्हात बसण्याची हौस होय.

मरळीची गोष्ट निराळी आहे. ती मांसाहारी असून गवताळ, उथळ पाण्यात राहते आणि बेडूक किंवा लहान मासा आमिष म्हणून घेते. पावसाळ्यात मरळीची तांबूस पिले पाण्याच्या पृष्ठभागाशी घोळक्याने फिरताना दिसतात व त्यांच्याखाली त्यांचे आईबाप राखण करीत असतात. असा घोळका दिसला की मोठा मासा खात्रीने हाती लागतो, हे जाणत्या मच्छीमारास ठाऊक आहे. पण राखणदार मारला म्हणजे सारी पिलावळ इतर माशांच्या तोंडी जाते. त्या दिवसांत तेथे गळ न टाकणे बरे. सुरुंगाची दारू किंवा विष वापरून मासे मारणे हा तर १८९७ च्या मत्स्य कायद्यानेच गुन्हा ठरविला. शिवाय जलाशयातील मासेमारीचे हक्क सामान्यतः ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. म्हणून गळ टाकण्यापूर्वी स्थानिक संस्थेची परवानगी घ्यावी. ज्याच्या घरची चूल त्या जाळ्यावर पेटते, त्याला विचारल्यावाचून मासा काढणे शोभत नाही.

नौकाविहाराबाबत मात्र कडक बोलणे भाग आहे. डोंगरातील जलाशयाचा काठ तळ्याच्या काठासारखा हळूहळू खोल होत जात नाही. दोन पावले कमरेइतके पाणी आणि तिसऱ्या पावलाला तळ नाही, असे घडते. बुडालेल्या दगडी बांधावर किंवा गाळात पाय अडकतो. पोहता येणारेही अशा ठिकाणी बुडतात, कारण नदीतील किंवा विहिरीतील पोहणे त्यांना अंगवळणी असते, हे पाणी नसते. होडीत बसणाऱ्या प्रत्येकाने, मग तो गावातलाच का असेना, तरंगते जाकीट अंगात घालून त्याचे बंद आवळलेच पाहिजेत. जाकीट बसण्याच्या फळीखाली ठेवणे आणि न ठेवणे सारखेच. होडीच्या मापापेक्षा एकही माणूस अधिक घेऊ नये. दुपारनंतर डोंगरावरून वारा उतरू लागला की लांबचा फेरा टाळावा. छायाचित्रासाठी सर्वांनी एका बाजूस उभे राहण्याची जी नवी खोड लागली आहे, तिने होडी कलंडते. पावसाळ्यात व दारू प्यायलेल्या माणसास होडी देऊ नये. गिऱ्हाईक रागावले तर रागावू द्यावे. काठावर लांब दोर आणि झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा डबा बांधून ठेवावा. बुडणाऱ्याकडे तो फेकता येतो. वाचविण्यासाठी मागोमाग उडी घेणाराच पुष्कळदा प्राण गमावतो.

अलीकडील काही वर्षांत जलाशयाभोवतीच्या गावांतील अनेक कुटुंबे तंबू उभारून पाहुण्यांची सोय करू लागली आहेत. भाताचे एक पीक, थोडी नाचणी-वरई आणि हिरड्याची वेचणी एवढ्यावर चालणाऱ्या घरांना हा मोठाच आधार आहे. पावसाळा संपला की कामासाठी खाली उतरणारी माणसे त्यामुळे काही अंशी घरी राहू शकतात. २०२० साली राज्याने कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारले आहे. त्याखालील नोंदणीची माहिती गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कुटुंबांना करून द्यावी. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन मात्र पाटबंधारे खात्याची असते. तेथे पेरणीसाठी मिळालेला परवाना तंबूसाठी चालत नाही. परिसराचा मोठा भाग १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो व तेथे वनखात्याचे नियम लागू आहेत.

तंबू पाण्याच्या कडेपासून उंचावर, उताराच्या ओहळाबाहेर ठोकावा. वर घाटमाथ्यावर पाऊस झाला तर येथे एक थेंब न पडताही रात्रीतून पाणी चढते. हिवाळ्यात थंडी कडाक्याची असते म्हणून कोळशाची शेगडी तंबूत नेण्याचा मोह होतो. तो जीवघेणा आहे. बंद तंबूत कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. शौचकूप पाण्यापासून निदान शंभर पावले दूर खणावा. भांडी काठावर साबणाने न धुता पाणी वर आणून धुवावीत. जेवणात बाजारची पिशवीबंद खाद्ये देण्याऐवजी घरचा तांदूळ, नाचणीची भाकरी, वालाची उसळ द्यावी. अकोले तालुक्यातीलच कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांना देशी वाण जतन केल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्या वाणांची चव पाहुण्याला शहरात मिळत नाही, आणि तिचे तो आनंदाने पैसे मोजतो.

मेअखेरीपासून मोठा पाऊस लागेपर्यंत येथे काजव्यांचा हंगाम असतो. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडेच्या झाडे एका लयीत उजळतात व विझतात. तो प्रकाश म्हणजे नर-मादीचे परस्परांना बोलावणे होय. विजेरी किंवा मोटारीचा झोत पडला की ती खूण त्यांना दिसत नाही आणि अंडी घालणे चुकते. काजव्याची अळी वर्षाचा बराच काळ ओल्या पालापाचोळ्यात गोगलगाई खाऊन वाढते. पाचोळा जाळला किंवा शेकडो पायांनी तुडवला तर पुढील वर्षीचा काजवा तेथेच संपतो. म्हणून यजमानाने मोटारी रस्त्यावरच थांबवाव्यात, पाहुण्यांना पायवाटेने लहान तुकड्यांनी न्यावे, विजेरीवर तांबडा कागद लावून ती जमिनीकडे धरण्यास सांगावे, आणि झाडाखाली जाऊ न देता दहा-पंधरा पावलांवर उभे करावे. डोळे अंधाराला सरावण्यास थोडा वेळ लागतो. तोवर मुलांना गप्प बसविण्याचे काम मात्र आईबापांवरच सोपवावे.