वानखेडेवरची हुर्यो

आयपीएलमधल्या मुंबई इंडियन्सच्या व्यवस्थापनाने १५ डिसेंबर २०२३ रोजी रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याला कर्णधार नेमले. पुढच्या हंगामात मुंबईच्याच प्रेक्षकांनी आपल्या कर्णधाराची वानखेडेवर हुर्यो उडवली. या मैदानाला ते अगदीच नवे नव्हते. २००६ साली इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत इथे सचिन तेंडुलकरलाही हुर्यो ऐकावी लागली होती. पण तो राग एका खेळीपुरता होता, हा महिनोन्‌महिने टिकला.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये संघ हरू लागला की प्रेक्षकांचा रोष मॅनेजरवर येतो, कारण मैदानावरचे डावपेच तोच ठरवतो. क्रिकेटमध्ये हे काम कर्णधाराचे. त्यामुळे कर्णधार बदलला की घरातलाच कर्ता माणूस बदलल्यासारखे चाहत्यांना वाटते.

रोहितच्या बाबतीत हे नाते अधिकच जवळचे होते. तो बोरिवलीत आजी-आजोबा आणि काकांकडे वाढला, तिथल्या शाळेत दिनेश लाड यांच्या हाताखाली घडला. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या मुलांसाठी क्रिकेट म्हणजे किटबॅग घेऊन लोकलने दक्षिण मुंबईतली मैदाने गाठणे. त्या मुलांना रोहित आपल्यातला वाटतो. त्याच्या कप्तानीत मुंबईने २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच विजेतेपदे मिळवली. नंतर मात्र घसरण झाली. २०२२ मध्ये पहिले आठ सामने हरून संघ तळाला गेला. बदलाचा विचार व्हावा, इतकी कारणे नक्कीच होती.

२०१३ मध्येही हंगामाच्या मध्यावर कर्णधार बदलला होता. रिकी पाँटिंग स्वतःहून बाजूला झाला, रोहितकडे सूत्रे आली आणि त्याच वर्षी पहिला करंडक मिळाला. तेव्हा जाणाऱ्याने जागा मोकळी करून दिली होती. २०२३ मध्ये हार्दिकला गुजरात टायटन्सकडून आणून काही दिवसांतच कर्णधारपद दिले गेले. चाहत्यांना बोचले ते हेच. फ्रँचायझी खासगी मालकीची असते. तिकीट काढणाऱ्याला तिच्या कारभारात मत नसते. समाजमाध्यमांवर संघाचे फॉलोअर्स घटले, जर्सी जाळल्याच्या चित्रफिती फिरल्या. मैदानात मालक समोर येत नाही, कर्णधार येतो. त्यामुळे निर्णयाचा राग हार्दिकने सोसला, आणि हे त्याच्यावर अन्यायाचे होते.

मुंबईकर विरुद्ध गुजराती असा अर्थ या प्रकाराला लावणे चूक आहे. मराठी आणि गुजराती घरे शेजारी-शेजारी नांदणाऱ्या घाटकोपरला तो सर्वांत आधी खटकेल. २४ मार्च २०२४ रोजी पहिला सामना अहमदाबादला झाला, आणि तिथेही बडोद्याच्या या खेळाडूची हुर्यो उडालीच. तिथे तो संघ सोडून गेलेला होता, मुंबईत लाडक्याची जागा घेतलेला. १ एप्रिलला वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी समालोचक संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावे लागले. ११ एप्रिलला विराट कोहलीने, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने, हातवारे करून प्रेक्षकांना थांबवले. मुंबई १४ पैकी चारच सामने जिंकली आणि पुन्हा दहाव्या स्थानी राहिली.

वारे फिरले ते दुसऱ्याच निळ्या जर्सीमुळे. २९ जून २०२४ रोजी भारताने जिंकलेल्या टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातले शेवटचे षटक हार्दिकने टाकले. कर्णधार रोहित होता. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवरच्या मिरवणुकीनंतर वानखेडेवर हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. ऑक्टोबरमध्ये व्यवस्थापनाने प्रशिक्षक मार्क बाउचर यांच्या जागी महेला जयवर्धने यांना परत आणले. तो बदल कुणालाच खुपला नाही. प्रशिक्षकावर कुणी एवढा जीव लावलेला नव्हता. २०२५ मध्ये हार्दिकच्याच कप्तानीत संघ दुसऱ्या क्वालिफायरपर्यंत पोचला आणि १ जूनला पंजाबकडून हरला. त्याआधी, १६ मे रोजी, मुंबई क्रिकेट असोसिएशनने वानखेडेच्या एका स्टँडला रोहितचे नाव दिले होते.